घरटी एक की चूल बंद

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, मी तीन शब्द सांगतो, ते लक्षात ठेवा. थोड्या वेळाने पुन्हा विचारीन." मी म्हटलं, "सांगा की!" पाठांतरासाठी पोरांचे कान पिळण्यात जन्म घालवलेला मी मास्तर, तीन शब्दांचं मला काय कौतुक? मग त्यांनी मला घड्याळ काढायला सांगितलं. वर्तुळ मी झकास काढलं. नुसत्या हाताने फळ्यावर वर्तुळ काढण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता, हे काढता काढता त्यांना सांगूनही टाकलं. आकडे मात्र सगळे उजव्या अंगाला गर्दी करून बसले आणि डावीकडे मैदान मोकळं राहिलं. "हे असं का झालं?" डॉक्टरांनी विचारलं. "वारा तिकडून असेल," मी म्हटलं. विनोद करून वेळ मारून न्यायची माझी सवय जुनी आहे. डॉक्टरांना ती नवी होती, त्यामुळे त्यांनी सरळ ते तीन शब्द विचारले.

"विसरलो नाही डॉक्टर," मी म्हणालो. "ठेवलेत. कुठे ठेवलेत तेवढं सापडत नाही."

डॉक्टर हसले. शेजारच्या खुर्चीत बसलेली माझी बायको हसली नाही. ते वाक्य माझं नव्हतं, उसनं होतं, आणि ते कुणाचं हे सांगू शकणारी माणसं आता या जगात आम्ही दोघंच उरलो आहोत. ते आबांचं होतं.

आबा म्हणजे माझे पहिले घरमालक. मी नुकता मास्तर झालो होतो आणि माझी नेमणूक मुळशीत, घोटावड्याजवळच्या एका लहान गावात झाली होती. एसटीने पिरंगुटला उतरायचं आणि तिथून पुढे वळकटी डोक्यावर घेऊन चालायचं. गावात मास्तरला खोली देणारं घर एकच, देवळाच्या मागचं, गुरवाचं. आबा गावचे गुरव. भैरवनाथाची पूजा, बेल, पत्रावळी, सांजेच्या आरतीचा नगारा ही त्यांची कामं होतीच, पण या सगळ्यांहून मोठं काम म्हणजे गावाचं आवतण.

गावात कुणाकडे लग्न असो, बारसं असो की पितरांचा म्हाळ असो, यजमान स्वतः जेवायला बोलवत फिरत नसे. आबा फिरायचे. आवतण दोन तऱ्हेचं असायचं. 'घरटी एक' म्हणजे प्रत्येक घरातून एकाच माणसाने जेवायला यायचं. 'चूल बंद' म्हणजे त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही. म्हातारीकोतारी, पाळण्यातलं पोर, आलेला-गेलेला पाहुणा, सगळ्यांनी यायचं. यजमान या दोहोंतलं एक आबांच्या कानात सांगायचा, हातावर सुपारी आणि अक्षता ठेवायचा, आणि आबा पटका बांधून निघायचे. लिहिलेलं काही नसे. आबा म्हणाले ते खरं, आणि त्याप्रमाणे गाव चूल पेटवणार किंवा विझवणार.

आबांची आवतण देण्याची एक रीत होती. उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, एकदा खोकायचं, आणि घरातलं सगळ्यांत वडील माणूस बाहेर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. म्हातारी आंघोळीला बसली असेल तर तिची आंघोळ होईपर्यंत आबा उभे. सून म्हणायची, "आबा, मला सांगा की. मी सांगते आत्याबाईस्नी." आबा म्हणायचे, "तू सांगशील गं. पन मग तिला बोलावलं कुनी? तू का मी?" शेवटी म्हातारी केस पुसत बाहेर यायची आणि म्हणायची, "या आबा, बसा." "बसाया आलो न्हाई, बोलवाया आलोय," असं म्हणून आबा बसायचे आणि चहा घ्यायचे. गावातल्या प्रत्येक घरी असंच. आवतणाच्या दिवशी काकी त्यांच्यासाठी भाकरी टाकायच्याच नाहीत. काकी म्हणजे आबांची बायको. ठेंगणी, कामसू आणि फार कमी बोलणारी बाई. घरातलं बोलायचं खातं आबांनी सांभाळलं होतं.

मी राहायला गेलो तेव्हा आबांनी सत्तरी ओलांडलेली असावी. त्यांना स्वतःचं जन्मसाल ठाऊक नव्हतं. पण ते विसरण्यात जमा धरता येणार नाही, कारण ते त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. विसरण्याचा पहिला प्रसाद मला मिळाला. आबा मला माझ्या आधीच्या मास्तरांच्या नावाने हाक मारायचे. मी दोनचारदा दुरुस्त केलं. "व्हय की," म्हणायचे आणि पुन्हा तेच. शेवटी मीच त्या नावाला ओ द्यायला लागलो. मग गावही मला त्याच नावाने ओळखू लागलं. पुढे माझी बदली झाली तेव्हा निरोपाच्या भाषणात पाटलांनी त्या आधीच्या मास्तरांचेच आभार मानले. नारळ मात्र माझ्या हातात दिला.

काही लक्षात ठेवायचं असलं की आबा उपरण्याला गाठ मारायचे. गाठ मारल्याचं त्यांना पक्कं आठवायचं, कशाची ते आठवायचं नाही. सकाळी मी दाढीला बसलो की उपरण्याचं टोक पुढे करून दारात हजर.

"मास्तर, ही गाठ कशाची वो?"

"मला काय माहीत आबा?"

"आसं कसं? तुमच्या म्होरंच मारली न्हवं काल?"

मग गालाला साबण लावलेला मी आदल्या दिवसाची उजळणी करायचो. बेल आणायचा होता का? नगारा उन्हात ठेवायचा होता का? गाय दाखवायला न्यायची होती का? आबा प्रत्येक प्रश्नाला विचार करून मान हलवायचे. शेवटी म्हणायचे, "इसरलो न्हाई मास्तर. ठिवलंय. कुटं ठिवलंय त्येवढं घावंना." आणि गाठ तशीच घेऊन जायचे. दोन्ही टोकं गाठींनी भरली की काकी उपरणं धुवायला काढायच्या आणि सगळ्या गाठी सोडून टाकायच्या. कोरं उपरणं खांद्यावर पडलं की सगळी कामं उरकल्यासारखा आबांचा चेहरा खुलायचा.

सांजेची आरती ते कधीकधी दोनदा करायचे. एकदा मी भीत भीत म्हटलं, "आबा, मघाशी झाली की आरती." आबांनी गाभाऱ्याकडे बोट केलं. "त्यो म्हनला का, झाली म्हनून? न्हाई ना? मग वाजवा टाळ." मी वाजवला. देवाची तक्रार आली नाही.

माणसांची येऊ लागली. एका बारशाच्या वेळी आबा एकाच घरी दोनदा आवतण देऊन आले. ते विसरले असतील अशी शंकासुद्धा त्या घरच्या बाईला आली नाही. "आमाला दोनदा बोलावलं," असं ती पाणवठ्यावर सांगत सुटली. बाकीच्या फणफणल्या. पुढच्या आवतणाला दोघीतिघींनी आबांना दारातच अडवून विचारलं, "आबा, आमच्याकडं दुसऱ्यांदा कवा येनार?"

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग पाटलांच्या घरचा म्हाळ आला. पितृपंधरवडा म्हणजे आमच्याकडे हात आखडायचे दिवस. जुना भात कणगीच्या तळाला गेलेला आणि नवा अजून खाचरात उभा. म्हणून पाटलांनी आबांच्या कानात सांगितलं होतं, घरटी एक. आबांनी पटका बांधला, दारोदार खोकले, सगळ्या गावचा चहा प्याले आणि सांगून आले, चूल बंद.

दुसऱ्या दिवशी पाटलांच्या अंगणात आधी बाप्ये आले, मग बायका आल्या, मग पोरं आली, आणि शेवटी बाजेवर घालून आणलेला एक म्हातारा आला. मी पहिल्याच पंगतीला होतो. माझ्या खोलीतली चूल मीही बंद ठेवली होती. तशी ती एरवीही बंदच असायची, पण त्या दिवशी तिला मान होता. पहिली पंगत उठली आणि भात संपला. दुसऱ्या पंगतीला आमटी पातळ झाली, तिसरीला तिच्यात आकाश दिसायला लागलं. पाटलीणबाईंनी उसन्या भाकऱ्या आणायला गडी पिटाळला, तो हात हलवत परत आला. भाकऱ्या असणार कुठून? अख्ख्या गावात चूल पेटलेली नव्हती, आणि ज्यांच्याकडे मागायच्या ते सगळे पत्रावळी पुढे घेऊन बसले होते. शेवटच्या पंगतीने गूळ-पाणी घेतलं आणि पाटलांच्या पूर्वजांना हात जोडले.

त्यानंतर गावात एक म्हणच पडली. कुणी हात राखून काही दिलं की लोक म्हणायचे, "पाटलावानी केलंस की रं! चूल बंद सांगून घरटी एक वाढलंस." पाटलांना भाताचं काही वाटलं नव्हतं. ही म्हण मात्र त्यांना फार झोंबली.

त्यांनी देवळात चार जाणती माणसं जमवली आणि आबांना समोर बसवलं. "आबा, राग धरू नगा," पाटील म्हणाले. "पन तुमच्या ध्यानात ऱ्हात नसंल तर आवतान तुमच्या पुतन्याकडं देऊ. तुमी पूजा करा आन् निवांत बसा." आबा उपरण्याच्या गाठी चाचपत राहिले. मग पाटलांची नजर माझ्यावर आली. "मास्तर, तुमी पोरांच्या परीक्षा घेता. ह्येंची घ्या. पास का नापास, काय त्ये सांगून टाका."

तेव्हा माझं वय बाविशीचं आणि हातात सरकारी खडू. नाही म्हणण्याची अक्कल त्या वयात नसते. मी सरसावून बसलो.

"आबा, आज वार कोणता?"

"तुमाला ठावं हाय का?"

"आहे."

"मग मला कशाला इचारताय?"

जाणती माणसं हसली. मी प्रश्न बदलला. "आपल्या देशाचे पंतप्रधान कोण?"

"कंच्या आळीला ऱ्हात्यात?"

"दिल्लीला."

"मग त्येंचं आवतान माझ्याकडं न्हाई," आबा म्हणाले.

मग मी हुकमाचं पान काढलं. "मी तीन वस्तू सांगतो. मध्ये जरा इकडचं तिकडचं बोलू आणि मग पुन्हा विचारीन." म्हणजे डॉक्टरांनी जे केलं ते मी मुळशीत फार पूर्वीच करून बसलो होतो, माझं नाव मात्र कुठे झालं नाही. वस्तू सांगितल्या. मग इकडचं तिकडचं निघालं. ते भातात शिरणाऱ्या रानडुकरांवर गेलं, रानडुकरांवरून बंदुकीच्या परवान्यावर आणि परवान्यावरून पौडच्या कचेरीवर. कचेरीचा विषय निघाला की मुळशीत कुणी लवकर उठत नाही. मध्ये चहाही झाला. मग पाटील म्हणाले, "हां मास्तर, इचारा आता."

"आबा, मघाच्या तीन वस्तू सांगा."

आबांनी डोळे मिटले. "एक लिंबू हुतं," ते म्हणाले.

"बरोबर!" मी म्हणालो, आणि त्याच क्षणी माझ्या ध्यानात आलं की ते बरोबर आहे की नाही हे मला ठाऊक नाही. पाटील म्हणाले, "लिंबू कुटलं? नारळ हुता." दुसऱ्याने नांगर सांगितला. तिसरा म्हणाला, नांगर रानडुकराच्या गोष्टीतला, मास्तरांनी कंदील सांगितला होता. आवाज चढले. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी देवळाच्या भिंतीकडे पाहिलं. शाळेत अडलं की फळ्याकडे पाहायची सवय होती, पण भिंतीवर काही लिहिलेलं नव्हतं.

"तीन हुत्या, ह्ये खरं," आबा म्हणाले. "त्येवढं मी शपथंवर सांगतो."

पाटलांनी कपाळाला हात लावला. "पास-नापास ऱ्हाऊ द्या. माघात माझ्या पोरीचं लगीन हाय. मारुंजीचं पावनं येनार. आवतान चूल बंद. येवढं एक नीट झालं तर आबा, आवतान तुमच्याकडंच. चुकलं तर पुतन्या." उठता उठता ते माझ्याकडे वळले. "आन् मास्तर, तुमीबी जरा बदाम खावा."

घरी आल्यावर आबा ओट्यावर बसले. इतके दिवस ते माझ्याशी थट्टेत बोलायचे, त्या दिवशी सरळ बोलले. "मास्तर, देव हितंच ऱ्हातोय. त्येच्याकडं जायला चार पावलं फुरं. पन आवतान हाय म्हनून मी समद्यांच्या दारात उभा ऱ्हातो. म्हातारी मानसं उठून भाईर येत्यात, या आबा म्हंत्यात. आवतान गेलं तर मी कुनाच्या दारात कशापायी जाऊ? रिकामा गुरव दारात दिसला तर लोकं म्हंतील, मागाया आला." आत काकी तांदूळ पाखडत होत्या. त्यांचं सूप मध्येच थांबलं आणि मग पुन्हा चालू झालं.

मला आबांची फार दया आली. दया आली की मी सल्ला देतो, ही खोड माझी अजून गेलेली नाही. लग्नाला चुकून 'घरटी एक' सांगितलं गेलं असतं तर बायका-पोरं घरी बसली असती आणि मारुंजीकरांसमोर पाटलांचा मांडव अर्धा रिकामा दिसला असता. म्हणून माघात आवतणाच्या दिवशी सकाळी मी दौत-टाक घेऊन बसलो. आबांना अक्षर येत नव्हतं, तेव्हा त्यांच्या तळहातावर बारीक रेषांनी एक चूल काढली आणि तिच्यावर उभी जाड काट मारली. "चूल आणि वर काट. म्हणजे चूल बंद. विसरलात तर हात बघायचा." आबांनी हात लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. "मास्तर, डोस्कं हाय तुमाला," ते म्हणाले. असं मला आयुष्यात फार कमी लोकांनी म्हटलं आहे, म्हणून लक्षात राहिलं.

एवढं डोकं असून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. आवतणाला निघण्याआधी गुरव पूजा करतो. आबांनी हात धुतले, देवाला आंघोळ घातली, गंध उगाळलं. बारीक रेषांची चूल पाण्याबरोबर गेली. जाड काट तेवढी राहिली.

शाळा भरली होती. दारात खोकला ऐकू आला. शाळेतलं सगळ्यांत वडील माणूस मीच, म्हणून मी बाहेर गेलो. पटका बांधलेले आबा ताठ उभे होते.

"उद्या पाटलाच्या दारी लग्नाला यायचं," ते म्हणाले. मग त्यांनी ऐटीत तळहात पाहिला आणि माझ्यापुढे धरला. "एक रेघ. घरटी एक."

मी शब्द जुळवेपर्यंत आबा पुढच्या घराकडे चालू लागले होते. त्यांच्या मागून, डोक्यावर रिकामा हंडा घेऊन काकी आल्या. न थांबता, पदराआडून हळूच म्हणाल्या, "चूल बंद बरं का मास्तर. समद्यास्नी तसंच सांगत आलेय."

मुलांना पाढे म्हणायला लावून मी त्यांच्यामागे निघालो. पुढे आबा, मागे काकी आणि सगळ्यांत मागे ज्याने हा घोळ घातला तो मी. आबा दाराशी उभे राहायचे, खोकायचे, म्हातारं माणूस बाहेर यायचं, आबा आवतण सांगायचे. त्या दिवशी त्यांनी कुठेच चहा घेतला नाही. चहाबरोबर शब्द पोटात जाईल अशी त्यांना धास्ती असावी. ते पुढे झाले की काकी हंडा सावरायच्या निमित्ताने त्याच दाराशी थांबायच्या. दारातलं माणूस ऐकायचं, मान डोलवायचं आणि आत जायचं. कुणी हसलं नाही, कुणी आबांना हटकलं नाही. हे सगळं मला वरच्या आळीत दिसलं. जिथे एरवी कुणाचं कोंबडं पडवीत शिरलं तरी भांडण व्हायचं, तिथे.

खालच्या आळीच्या वळणावर आबा एकदम मागे फिरले. मी निवडुंगाच्या कुंपणाआड झालो. त्याचे काटे मला अजून आठवतात, तीन शब्द आठवत नाहीत.

"कुटं निघालीस गं?" आबांनी विचारलं.

"पान्याला."

"पानवठा वरल्या अंगाला हाय," आबा म्हणाले. "त्येवढं आठवतंय मला अजून."

आबा रस्त्याकडेच्या दगडावर बसले.

"मी काय सांगत आलो?"

"घरटी एक."

"आन् हाय काय?"

"चूल बंद."

आबांनी तळहात पाहिला, धोतराला पुसला, पुन्हा पाहिला. "म्हंजी गेलं आवतान," ते म्हणाले. "तूच सांग आता. मी जातो घरी." त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मला वाटलं पुढे होऊन सांगावं, की आबा, चूक तुमची नाही, माझ्या चित्रकलेची आहे. पण त्या दोघांमध्ये माझं काही काम नव्हतं.

काकींनी हंडा खाली ठेवला. मी त्या घरात राहायला आल्यापासून त्या एका दमात इतकं कधी बोलल्या नव्हत्या. "मी एकली दारात उभी ऱ्हायले तर कोन म्हातारं भाईर येईल? सून इचारंल, काय काकी, ताक पायजे का? तुमी खोकला की घर उठतंय. तुमी बोलवा. चूल मी सांगते."

आबा उठले, पटका नीट केला. पुढच्या दाराशी दोघं शेजारी शेजारी उभी राहिली. आबा खोकले. म्हातारी बाहेर आली. "उद्या पाटलाच्या दारी लग्नाला यायचं," आबा म्हणाले आणि काकींकडे पाहिलं. "चूल बंद," काकी म्हणाल्या. म्हातारी म्हणाली, "या आबा, बसा. काकी, तुमीबी या." आणि आबा चहाला बसले.

पुढचा घोटाळा गावाने केला. आधीच्या घरांना कळलं की खालच्या आळीत जोडीने आवतण झालं. ती रुसली. "आमाला म्होरनं एक आन् मागनं एक, आन् त्यांला जोडीनं व्हय?" म्हणून आबा-काकींना दुपारी वरच्या आळीला पुन्हा फिरावं लागलं. दोनदा आवतण मिळाल्यावर ती घरं शांत झाली आणि खालची घरं धुमसायला लागली. माझ्या शाळेलाही दुसरं आवतण मिळालं. लग्नाला मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. भात पुरला, वर उरला. पाटलांनी मारुंजीकरांच्या देखत आबांना पटका बांधला आणि काकींना साडी दिली. "आवतान गुरवाकडंच," ते म्हणाले. "पन जोडीनं."

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि बायको त्या खोलीत राहायला आली. तोवर आबांचं बरंच काही निसटलं होतं. मला ते आधीच्या मास्तरांच्या नावानेही हाक मारेनासे झाले होते. मला ते नाव गेल्याचं वाईट वाटलं. यजमानाचं नाव, जेवणाचं निमित्त, सगळं काकीच सांगायच्या. आबा फक्त खोकायचे आणि "यायचं बरं का" म्हणायचे. तेवढ्यावर घरं उठून बाहेर येत होती.

एका सकाळी आबा आमच्या दाराशी आले. डोक्याला पटका, हातात सुपारी. खोकले. मी बाहेर गेलो.

"उद्या यायचं बरं का," आबा म्हणाले.

"कुणाकडे आबा?"

आबा काकींकडे वळले. काकींनी नजर खाली घातली आणि हलकेच मान हलवली. कुणाकडेच काही नव्हतं. आबा आपले आपणच पटका बांधून निघाले होते आणि काकी त्यांच्याबरोबर आल्या होत्या. मी मास्तर. चुकलेलं उत्तर दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही. 'आबा, उद्या तर काहीच नाही,' हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बायको पदर सावरत पुढे झाली. तिला त्या गावात येऊन जेमतेम महिना झाला होता.

"येतो आबा," ती म्हणाली. "काकी, चूल बंद ना?"

काकींचे डोळे भरून आले. "व्हय गं पोरी," त्या म्हणाल्या. "चूल बंद."

दुसऱ्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही. आम्ही दोघं नेसून-सवरून भिंतीपलीकडे जेवायला गेलो. काकींनी पिठलं, भाकरी आणि आंबेमोहोराचा भात केला होता. आबा स्वतः वाढत होते आणि खूश होते. "पोटभर जेवा," ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते. "लाजू नगा. आपलं न्हाई, पाटलाचं हाय."

त्या पावसाळ्यात आबा गेले. तेराव्याचं आवतण द्यायला काकी एकट्याच घरोघर गेल्या. त्यांना खोकावं लागलं नाही.

तर डॉक्टरांनी मला गोळ्या दिल्या आणि रोज सकाळी चालायला सांगितलं. मी एकटाच जातो. जन्मभर पोरांना रांगेत चालवलेल्या माणसाला बरोबर माणूस कशाला? परवा कोपऱ्यावर वळताना सहज मागे पाहिलं तर कापडी पिशवी घेऊन बायको काही अंतरावरून येत होती. मला पाहून ती फुलांच्या कुंडीकडे बघायला लागली.

"कुठे निघालीस?" मी विचारलं.

"भाजीला."

मला आतून हसू फुटलं. इतक्या वर्षांनी ते वाक्य माझ्या वाट्याला आलं होतं. मी छाती पुढे काढली. "भाजीवाली त्या बाजूला बसते, मारुतीच्या देवळापाशी. तेवढं आठवतंय मला अजून."

ती जवळ आली. माझ्या सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात गेली होती, ती काढून नीट लावली.

"तो मारुती आपल्या जुन्या घरापाशी होता हो," ती म्हणाली. "ते घर सोडून किती वर्षं झाली."

मला विनोद सुचला नाही. रस्त्यावरून दूधवाला गेला, शाळेची एक रिक्षा गेली. मग मी म्हटलं, "मागून कशाला येतेस? शेजारून चल."

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. पुढचा कोपरा आला तेव्हा मी खोकलो, आणि ती म्हणाली, "डावीकडे."